फतेह मैदान : जिंकलेले मैदान राखायचे कसे?

दरवर्षी विसर्जनाची मिरवणूक अबिड्सकडून बशीरबागेला पोहोचते, तेव्हा ढोल-ताशांच्या गजरात शेजारच्या एका लांबलचक भिंतीकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती फतेह मैदानाची भिंत. सरकारी कागदांत त्याचे नाव लाल बहादूर शास्त्री स्टेडियम. आमच्या घरात मात्र तीन पिढ्या ‘फतेह मैदान’ असेच म्हणत आल्या. बरकतपुरा चमनपासून नारायणगुडा, हिमायतनगर करत निघाले तर पायी पाऊण तासाची वाट. आजोबा, बाबा आणि मी, तिघेही त्या वाटेने सामने पाहायला गेलो आहोत.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके करण्यात वीसेक वर्षे गेली. त्यामुळे जुनी वास्तू पाहिली की ‘किती जुनी?’ याबरोबरच ‘हिच्या देखभालीचा पैसा कुठून येतो?’ हाही प्रश्न मनात येतो. फतेह मैदानाबद्दल हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारायला हवेत, असे मला वाटते.

नावामागची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंड्याला आठ महिने वेढा घातला. तेव्हा मोगल फौजेची छावणी या मोकळ्या जागेवर होती आणि किल्ला पडल्यावर तिला ‘फतेह मैदान’ नाव मिळाले, असे सांगतात. पुढे आसफजाही काळात इथे पोलोचे घोडे दौडले. स्वातंत्र्यानंतर स्टेडियम झाले आणि १९५५ च्या नोव्हेंबरात हैदराबादची पहिली कसोटी इथे झाली. तीत पॉली उमरीगरने न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयाचे ते पहिले द्विशतक. १९९९ साली याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच सचिन तेंडुलकर नाबाद १८६ आणि राहुल द्रविड १५३, दोघांची ३३१ धावांची भागीदारी. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या दिवशी घसा इतका बसला की दोन दिवस घरात खुणेनेच बोलत होतो.

पण आजोबा फतेह मैदान म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात क्रिकेट नसे, फुटबॉल असे.

काचीगुड्याचे मास्तर

आजोबा उदगीरहून हैदराबादला शिकायला आले. उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. उर्दू माध्यमाने त्यांना रडवले, पण फुटबॉलने इथलेच करून टाकले. ते ज्यांचे नाव कानाच्या पाळीला हात लावून घेत, ते सय्यद अब्दुल रहीम. १९०९ साली हैदराबादेत जन्मलेले रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन ते आपल्या शेजारच्या काचीगुडा मिडल स्कूलमध्ये आणि पुढे चादरघाट हायस्कूलसारख्या शाळांत शिकवत होते. नंतर त्यांनी शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतला. (डिप्लोमावाल्यांनी मान ताठ ठेवावी, ती यासाठी!) १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. १९५० मध्ये त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपद घेतले.

त्यानंतर जे घडले त्यावर आजची मुले विश्वास ठेवत नाहीत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे सिटी पोलिसांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप जिंकला. राष्ट्रीय संघही रहीमसाहेबांच्या हाती आला. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्ण. मेलबर्नच्या संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन आणि सिकंदराबादचा तुलसीदास बलराम ही आपल्या शहराची मुले होती. जाकार्तानंतर वर्षही उलटले नाही तोच, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

भावाभावांतला अंतिम सामना

या इतिहासातली एक गोष्ट खास आपल्या मराठी घरांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात आणि कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये गेले. मेलबर्न ऑलिंपिक सुरू झाले त्याच महिन्याच्या २२ तारखेला. म्हणजे ‘हैदराबादचे’ म्हणून ओळखले जाणारे ते खेळाडू ऑलिंपिकच्या मैदानावर उतरले, तेव्हा हैदराबाद नावाचे राज्य नकाशावर उरलेच नव्हते.

फुटबॉलमध्ये मात्र हे नाव आणखी थोडे जगले. संतोष ट्रॉफी १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हैदराबादने जिंकली आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवले ते मुंबईला. आता पाहा, आमचे आजोबा नोकरीमुळे हैदराबादेत राहिले. त्यांचे धाकटे बंधू उदगीरला शेती पाहत, ते एका रात्रीत मुंबई राज्याचे रहिवासी झाले. आजोबांनी भावाला पत्र लिहिले : ‘तुमच्या मुंबईला आम्ही हरविले.’ उलट टपाली उत्तर आले : ‘हरविले ते आपल्याच संघाने. मी अजून पक्ष बदललेला नाही.’ हा किस्सा आमच्याकडे दर दिवाळीला सांगितला जायचा. सांगताना आजोबा हसायचे, पण शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज दरवेळी थोडा जड व्हायचा. राज्य गेले, सरहद्द बदलली, तरी ज्याला दोघे भाऊ ‘आपला’ म्हणत होते असा तो एक संघ होता.

संघ जातात, मैदान राहते

तो संघ आज कुठे आहे? सिटी पोलीसचे आंध्र प्रदेश पोलीस झाले, मग दबदबा ओसरला. नईमुद्दीन, शब्बीर अली, व्हिक्टर अमलराज यांच्यासारखे मोठे खेळाडू या शहराने पुढेही दिले, पण त्यांनी नाव कमावले ते कोलकात्याच्या क्लबांतून. रोव्हर्स कपही बंद पडला.

मग व्यावसायिक क्लब आला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. पुण्याचे हैदराबादेत आले म्हणून आपल्यातल्या कित्येकांना गंमत वाटली होती. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून हा संघ इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. त्यानंतर आर्थिक अडचणी आल्या, खेळाडू गेले आणि २०२५ मध्ये संघच दिल्लीला गेला. सहा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली! आमच्या खात्यातल्या बदल्यासुद्धा इतक्या झपाट्याने होत नाहीत.

या साऱ्यातून मी एवढेच शिकलो की मालकाचा संघ मालकाबरोबर जातो, मैदान मात्र इथेच राहते. म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करायचाच असेल, तर तो आधी मैदानावर व्हावा.

पाणी, माती आणि खांब

फतेह मैदान सरकारचे, म्हणजे तुमचे-आमचे. सरकारी मैदानाला सर्वांचे पाहुणे सांभाळावे लागतात. ९ जानेवारी १९८३ रोजी एन. टी. रामाराव यांनी, २००४ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी रेवंत रेड्डी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ इथेच घेतली. शहराच्या मध्यावर एवढी मोकळी जागा दुसरी नाही, त्यामुळे असे समारंभ होणारच. प्रश्न समारंभाचा नाही, दुसऱ्या दिवशीचा आहे.

आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास १ लाख ७८ हजार लिटर पाणी साचते. दहा हजार लिटरचे अठरा टँकर समजा. हे पाणी वाळूच्या थरातून खालच्या नळ्यांत झिरपायला हवे. पण मैदानावर ट्रक फिरले की माती दबते आणि तिच्यातल्या पोकळ्या मिटतात. मंडपाच्या खांबांचे खड्डे मिळेल त्या मुरमाने बुजवले की तिथे गवत धरत नाही. वरून हिरवे दिसले तरी खाली दगड झालेला असतो, आणि त्यावर पडणाऱ्या मुलाच्या गुडघ्याला ते बरोबर कळते. आपण मंडळवाले रस्त्यात खांब पुरतो, आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

१९६९ साली याच मैदानावरच्या कसोटीत २६८ धावांचा पाठलाग करताना भारताची ७ बाद ७६ अशी अवस्था होती. पाऊस आला, मैदान वेळेत वाळले नाही आणि न्यूझीलंडच्या तोंडचा घास गेला. तेव्हा आपण सुटलो म्हणून हसलो. दरवेळी हसण्यासारखे नसते. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाच्या शाळेचा सामना शहरातल्याच एका मैदानावर होता. सकाळी साडेसहाला पोहोचलो, तर आदल्या आठवड्यातल्या मंडपाचे खड्डे पाण्याने भरलेले. सामना रद्द. वर्षभर त्या दिवसाची वाट पाहणारी बावीस मुले बूट हातात घेऊन घरी परतली.

पैसा कुठून?

सरकारी हिशेबात दोन प्रकारचा खर्च असतो : एक नवे बांधण्याचा, दुसरा असलेले राखण्याचा. नव्या कामाला कोनशिला असते, फीत असते, फोटो असतो. देखभालीला यातले काही नसते, म्हणून काटकसरीची कात्री पहिल्यांदा तिच्यावर चालते. मग दहा वर्षे दुर्लक्ष करून एकदम मोठे नूतनीकरण काढावे लागते. माझ्या टेबलावरून अशा कितीतरी फाइली गेल्या. गळक्या छपराची वेळेवर केलेली डागडुजी नेहमीच स्वस्त पडते. मैदानाचेही तसेच.

जगातही हा पेच आहे. मिलान शहराच्या मालकीचे १९२६ चे सान सिरो स्टेडियम तिथल्या नगरपालिकेने २०२५ मध्ये दोन क्लबांना विकायचे ठरवले. ब्राझीलमधल्या साओ पावलोने १९४० चे आपले पाकाएम्बू स्टेडियम ३५ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवले. आपल्याकडेही २०२५ च्या राज्य क्रीडा धोरणात खासगी भागीदारीवर भर आहे. भागीदारीला माझा विरोध नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्यात खेळांचे प्रशिक्षणही बसते. हैदराबादेत अशा कंपन्या थोड्या नाहीत.

पण करार करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, मैदानाच्या भाड्याचा पैसा त्याच मैदानाच्या देखभाल खात्यात जावा. दोन, समारंभ करणाऱ्याने अनामत रक्कम भरावी आणि मैदान पूर्ववत झाल्याचा दाखला मिळाल्यावरच ती परत मिळावी. तीन, वर्षातले ठरावीक दिवस शालेय आणि स्थानिक फुटबॉलसाठी राखून ठेवावेत आणि ते कुणाच्याही समारंभासाठी हलवू नयेत. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची. पाहायला जा कोल्हापूरला. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आले की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात. मैदान जिवंत ठेवायला हिरवळ लागतेच, पण त्याआधी त्यावर हक्क सांगणारी माणसे लागतात.

आपण काय करू शकतो? मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून एका शाळेच्या संघाला बूट आणि चेंडू घेऊन देता येतील. शालेय सामन्यांना पन्नास माणसे जाऊन बसली, तर मैदान कुणासाठी आहे हे अधिकाऱ्यांना सांगावे लागणार नाही. मी स्वतः सरकारी माणूस आहे, रिकाम्या बाकांच्या अर्जाचे आमच्याकडे काय होते हे मला ठाऊक आहे.

३१ डिसेंबर २०२४ रोजी संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना आपल्या शहरात, गचीबावलीला झाला. बंगालने केरळला १-० असे हरवले. आमच्या घरी टीव्हीसमोर आजोबांच्या फोटोखाली बसून मुलाने विचारले, ‘बाबा, यात हैदराबाद का नाही?’ मी त्याला उदगीरच्या पत्राची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो म्हणाला, ‘मग आपण रविवारी फतेह मैदान पाहायला जाऊ या.’

आम्ही गेलो. चालतच गेलो, त्याच वाटेने.