विळ्यानं धरलेलं तांबं

माधवनगरहून तासगावच्या रस्त्याला लागलं, की बुधगाव, कवलापूर मागे टाकत आपण द्राक्षबागांत शिरतो. फळछाटणीनंतर पाऊस रेंगाळला तर तिथं डावणी रोगाची धास्ती असते, आणि मग वस्तीवस्तीवर मोरचूद भिजत पडतं. मामांच्या बागेत मी हे लहानपणापासून पाहत आलो. प्लास्टिकच्या एका पिंपात मोरचुदाचं पाणी, दुसऱ्यात फडक्यातून गाळलेला चुना. शंभर लिटरला एक-एक किलो, म्हणजे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. दोन्ही एकत्र ढवळून झालं, की मामा विळा दगडावर घासून लख्ख करायचे आणि त्या निळ्या पाण्यात धरायचे. पात्यावर तांबूस साय चढली तर म्हणायचे, "तांबं धरलं बघ. चुना कमी पडलाय." मग आणखी चुना, पुन्हा विळा. पातं पांढरंच निघालं की पंप सुरू. चुना कमी पडलेलं बोर्डो कोवळी पानं जाळतं, म्हणून ही खबरदारी.

माझा जीव मात्र त्या सायीत अडकलेला. पुसली की बोटावर उतरायची, आणि खालचं लोखंड किंचित खरबरीत लागायचं.

तांबं येतं ते पाण्यातल्या मोरचुदातून. लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी तांबं बाहेर येऊन बसतं. हिशेबानं 56 ग्रॅम लोखंड खर्ची पडलं की साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं हाती येतं. बागेत आपण यावरून फक्त चुना पारखतो. पण खनिजातून तांबं काढायची ही फार जुनी रीत आहे.

तिचं कूळ खाणीतलं. तांब्याच्या खनिजात बहुधा गंधक असतो. हवा-पाणी लागून असं खनिज वर्षानुवर्षं कुजत राहिलं, की त्यातून आपोआप मोरचुदाचं पाणी पाझरतं. त्यात पडून राहिलेलं एखादं लोखंडी हत्यार लाल झालेलं कुणीतरी पाहिलं असणार. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात याचा उल्लेख आहे. अकराव्या शतकात, सुंग राजवटीत, तिथं याचा मोठा उद्योगच उभा राहिला: निळ्या पाण्याच्या पाटांत लोखंडाचे पत्रे घालायचे, वर धरलेला तांब्याचा गाळ खरवडायचा आणि भट्टीत गाळून नाण्यांसाठी वापरायचा. युरोपातल्या किमयागारांना तर लोखंडाचंच तांबं होतं असं वाटे. विळ्याकडे बघताना मलाही तेच वाटायचं.

आपल्या रसशास्त्रानं विस्तवाची वाट धरली. मोरचुदाला संस्कृतात तुत्थ म्हणतात आणि शिखिग्रीवही, म्हणजे मोराची मान. मराठी नावातला मोर तोच. 'रसरत्नसमुच्चया'त याचं सत्त्व काढायची कृती आहे. टाकणखार घालून मुशीत तापवायचं, आणि सत्त्व उतरतं ते इंद्रगोपाच्या रंगाचं. इंद्रगोप म्हणजे मृगाच्या सरींनंतर बांधावर दिसणारा मखमली लाल किडा. नुकत्या गळलेल्या तांब्याला याहून नेमकी उपमा मला अजून सापडलेली नाही. वैद्यांचं सुवर्णमाक्षिक हेही तांब्याचंच खनिज. त्यात लोखंड आणि गंधक मिसळलेले असतात. शुद्ध खड्यात तांबं साधारण तिसरा हिस्सा. माक्षिकाचं सत्त्व तांब्यासारखं असतं, हेही त्या जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय.

जगातलं बरंचसं तांबं आजही याच माक्षिकातून निघतं. खनिज दळायचं, फेसावर तरंगवून वेगळं करायचं, भाजून, वाळू घालून वितळवायचं. लोखंड वाळूबरोबर मळी होऊन जातं, गंधक धूर होऊन. उरलेल्या फोड आलेल्या तांब्याला शेवटी विजेनं शुद्ध करतात. ती युक्ती इंग्लंडमधल्या जेम्स एल्किंग्टनची, 1865 सालची. खरी अडचण त्या धुराची. तो पकडून त्याचं गंधकाम्ल केलं तर ठीक, सुटला तर झाडंझुडपं करपतात. 1993 मध्ये रत्नागिरीकर आपल्या हापूसच्या बागांसाठी तांबे-भट्टीविरुद्ध उभे राहिले ते याच भीतीनं, आणि तो प्रकल्प तमिळनाडूत तूतुकुडीला गेला. बागाइतदाराच्या घरात वाढल्यामुळे मला त्यांची भीती रास्तच वाटते.

आपला कृष्णाकाठ काळ्या पाषाणाचा. इथल्या दगडात गाळण्याजोगं तांबं नाही. शिलाहार राजा मारसिंहाचा 1058 सालचा ताम्रपट मिरजेचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा पत्रा आपल्या मातीतला नव्हे. महाराष्ट्रात हे खनिज आहे ते पार पूर्वेला, चंद्रपूरकडच्या ठाणेवासन्याला. आणि हद्दीपलीकडे बालाघाटात मलंजखंडची मोठी खाण.

दळून गाळण्याचा खर्चही निघणार नाही अशा हलक्या खनिजासाठी आता पुन्हा पाण्याचीच रीत वापरतात. ढिगावर सौम्य गंधकाम्ल शिंपायचं, खाली निथळणारं निळं पाणी गोळा करायचं. 1968 मध्ये ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीत त्या पाण्यातून तांबं वेचून घेणारं द्रावण आणि वीज यांची जोडी प्रथम मोठ्या प्रमाणावर चालली. तिथून लोखंडी पत्र्यांवर, भंगारावर तांबं धरायचं काम मागे पडत गेलं.

मामांच्या खोपटात आता सामू बघायची कागदी पट्टी असते. पट्टीचा रंग जुळला तरी ते विळा घासतातच, बुडवतात, आणि पातं उन्हाकडे धरून बघतात.