सामायिक डेटाबेसची सुरक्षा-फाइल कशी सांभाळावी?

ज्या मंडळांची सभासद-यादी, वर्गणीचा हिशेब किंवा ग्रंथालयाची देवघेव कार्यालयातील दोन-तीन संगणकांवरून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या जुन्या 'एमडीबी' फाइलमध्ये चालते, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत. कार्यकारिणी बदलते, संगणक बदलतो आणि एके दिवशी यादी उघडतच नाही. अशा वेळी डेटा जागेवर असतो, हरवलेली असते ती सुरक्षा-फाइल.

दोन फाइली, दोन कामे

वापरकर्त्यांची नावे, गट आणि पासवर्ड 'एमडीडब्ल्यू' या वेगळ्या फाइलमध्ये असतात. कोणी काय पाहावे, काय बदलावे हे अधिकार मात्र डेटाबेसमध्येच नोंदलेले असतात. म्हणून केवळ डेटाबेसचा बॅकअप पुरत नाही, दोन्ही फाइलींची प्रत हवी.

सुरुवातीची काळजी

ॲक्सेससोबत आपोआप येणारी 'सिस्टिम' नावाची सुरक्षा-फाइल वापरू नये, नवी तयार करावी. 'ॲडमिन' हा वापरकर्ता आणि 'युजर्स' हा गट प्रत्येक सुरक्षा-फाइलमध्ये सारखेच असतात. त्यांना दिलेला अधिकार म्हणजे ॲक्सेस असलेल्या कोणालाही दिलेला अधिकार. म्हणून नवा प्रशासक नेमावा, 'ॲडमिन'ला 'ॲडमिन्स' गटातून काढावे, डेटाबेसची मालकी नव्या प्रशासकाकडे घ्यावी आणि 'ॲडमिन' व 'युजर्स' यांचे अधिकार काढून घ्यावेत.

नेटवर्कवर ठेवताना

सुरक्षा-फाइल सर्वांना पोहोचेल अशा सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी. डेटाबेस उघडला की तिथे 'एलडीबी' ही कुलूप-फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. म्हणून त्या फोल्डरमध्ये वापरकर्त्यांना वाचणे, लिहिणे, तयार करणे व पुसणे हे चारही अधिकार लागतात. प्रत्येक संगणकावर शॉर्टकट करून त्यात '/डब्ल्यूआरकेजीआरपी' (इंग्रजी अक्षरांत) या सूचनेपुढे सुरक्षा-फाइलचा पत्ता द्यावा. त्यामुळे त्या संगणकावरील इतर डेटाबेसना अडथळा होत नाही.

कागदावर काय लिहून ठेवावे

फाइल बिघडली तर ती पुन्हा हुबेहूब तयार करता येते. त्यासाठी ती तयार करताना दिलेले नाव, संस्थेचे नाव आणि वर्कग्रुप आयडी लागतात. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याचे व गटाचे नाव आणि त्याचा 4 ते 20 अक्षरांचा वैयक्तिक आयडी हवा. इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांचा फरकही जसाच्या तसा जपावा लागतो. हा कागद बंद पाकिटात घालून मंडळाच्या कपाटात ठेवावा, आणि पदभार देताना इतिवृत्त व हिशेबाच्या वह्यांबरोबर नव्या कार्यवाहांकडे सोपवावा.

मर्यादा

ॲक्सेस 2007 पासून आलेल्या 'एसीसीडीबी' फाइलमध्ये ही सोय नाही. जुनी फाइल तिच्यात बदलली की वापरकर्तानिहाय सुरक्षा निघून जाते. शिवाय ही सुरक्षा तशी भक्कमही नाही, तिचे पासवर्ड शोधून देणारी साधने मिळतात. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी आपण विश्वासाने घेतलेले असतात. त्यामुळे फोल्डर कोणाला उघडू द्यायचे हे सर्व्हरवरच ठरवावे, आणि काम सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे.