आई-वडिलांसाठी स्मार्ट टीव्ही घेताय? आधी रिमोट हातात घ्या, मग पैसे मोजा

पोरं नोकरीला पुण्या-मुंबईत आणि गावाकडं म्हातारा-म्हातारी दोघंच, अशी घरं आता प्रत्येक गावात आहेत. दसरा-दिवाळीला मुलगा हौसेनं स्मार्ट टीव्ही आणतो, भिंतीला लावतो आणि परत जातो. आठ दिवसांत फोन येतो, "टीव्ही लागंना, नो सिग्नल दाखवतोय." बहुतेक वेळा टीव्ही बिघडलेला नसतो. रिमोटचं चुकीचं बटण दाबलं गेलेलं असतं. दिवसभर घरात बसणाऱ्या माणसाचा विरंगुळा मात्र त्यामुळं बंद पडतो. म्हणून टीव्ही निवडताना स्क्रीन किती मोठी याच्या आधी आई-वडिलांना तो एकट्यानं चालवता येईल का, हे बघायला हवं.

स्मार्ट टीव्ही खरंच लागतो का?

घरात फक्त मालिका, बातम्या आणि कीर्तन बघितलं जात असेल, तर साधा एलईडी टीव्ही आणि डीडी फ्री डिश पुरेसं आहे. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री वाहिनीही त्यावर दिसते. यूट्यूबवरची भजनं, जुने सिनेमे, नातवंडांचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर हवे असतील तर स्मार्ट टीव्ही घ्या.

इंटरनेट कुठून येणार, हेही आधी ठरवा. मुलाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणारा टीव्ही मुलगा गेला की नुसता डबा होतो. यूट्यूबवर एचडी चित्र लावलं तर तासाला दीड-दोन जीबी डेटा सहज उडतो. गावात फायबरचं कनेक्शन मिळत असेल तर उत्तम. नसेल तर चित्राची क्वालिटी ४८० वर ठेवायला शिकवा.

दुकानात काय बघायचं?

रिमोट : बटणं मोठी, कमी आणि अंधारातही बोटाला लागतील अशी हवीत. आवाज, चॅनल आणि चालू-बंद ही बटणं वेगळी ओळखू आली पाहिजेत. माइकचं बटण असेल तर दुकानातच वडिलांना मराठीत बोलून बघू द्या. आपल्या बोलीतलं त्याला कळतं का, ते तिथंच समजेल.

एकच रिमोट : टीव्हीचा एक आणि सेट-टॉप बॉक्सचा एक, असे दोन रिमोट असले की गोंधळ होतो. टीव्ही आणि बॉक्स दोन्हींत 'सीईसी' सोय असेल आणि बॉक्स एचडीएमआय वायरीनं जोडलेला असेल, तर बरंचसं काम एका रिमोटवर होतं. सॅमसंगमध्ये या सोयीला 'अॅनीनेट प्लस', तर एलजीमध्ये 'सिम्पलिंक' म्हणतात.

जुनी वायर : फ्री डिशचे बरेच बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरीचे असतात. नव्या टीव्हीला ती जागा आहे का, की वेगळी जोडपट्टी लागेल, हे विचारा.

आकार : खाटेपासून भिंत ५-६ फुटांवर असेल तर ३२ इंच पुरे, ७-८ फुटांवर असेल तर ४३ इंच बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के आहे. त्यामुळं "जीएसटी कमी झाला म्हणून ३२ इंची स्वस्त" असं कुणी सांगितलं तर जुना भाव विचारा.

आवाज : कमी ऐकू येणाऱ्यांसाठी चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. दुकानात गाणं लावू नका, बातम्या लावा. बोलणं स्पष्ट ऐकू येतं का ते बघा.

वेग : स्वस्त टीव्हीत १ जीबी रॅम असते. बटण दाबल्यावर टीव्ही हलत नाही, माणूस परत परत दाबतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. बजेटमध्ये बसत असेल तर २ जीबी रॅमचा घ्या.

सर्व्हिस : आपल्या गावाचा पिनकोड सांगून कंपनीचा माणूस घरी येतो का, हे खरेदीआधीच विचारा. वॉरंटी किती वर्षांची आणि पॅनल त्यात धरलाय का, ते बिलावर किंवा वॉरंटी कार्डवर लिहून घ्या. फुटलेली स्क्रीन बहुधा वॉरंटीत बसत नाही. म्हणून खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

घरी लावल्यावर

टीव्ही चालू केला की थेट सेट-टॉप बॉक्सच दिसेल, अशी सेटिंग बऱ्याच टीव्हीत असते. ती करून घ्या. गूगल टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना 'बेसिक टीव्ही' हा पर्यायही मिळतो. त्यात अॅपची गर्दी राहत नाही. मेनूत मराठी भाषा असेल तर ती निवडा आणि अक्षरं मोठी करा. नको ती अॅप काढून टाका. खरेदीला पिन लावा आणि टीव्हीवर बँकेचं कार्ड जोडूच नका.

टीव्ही फार उंचावर टांगू नका, मान दुखते. बसल्यावर नजरेसमोर स्क्रीनचा मधला भाग यावा. वीज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. कडकडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायची, हे घरात सगळ्यांना सांगा.

निघण्याआधी आई-वडिलांकडून टीव्ही तीनदा चालू-बंद करून घ्या. आपण हात लावायचा नाही. लागणारी चार बटणं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा.

फसवणूक झाली तर

टीव्हीवर यूट्यूब सुरू करायला पैसे लागत नाहीत. "अॅक्टिव्हेशन फी भरा" म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, वॉरंटी कार्डवरचाच लावा. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा.

दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यासाठी पक्कं बिल लागतं, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर टीव्ही उचलू नका.