भट्टीपासून बादलीपर्यंत

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या घरांत कपडे नळाच्या थंड पाण्यात भिजत घातले जातात. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही कुळ असेल, हे ध्यानात येत नाही. तिच्याआधी परटाची भट्टी होती. मळके कपडे सोड्याच्या किंवा खाऱ्या मातीच्या पाण्यात बुचकळायचे, रात्रभर वाफवायचे आणि सकाळी दगडावर आपटायचे. भट्टी गेली तेव्हा धुलाईचा मुख्य जोरच गेला, अशी समजूत आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. तेलकट मळ सोडवण्याचे कळीचे काम भट्टीतही उष्णतेपेक्षा खारच करत होता. बादलीने तेच काम पुढे नेले.

तेल आणि पाणी जिथे एकमेकांना भिडतात, तिथे दोघांचेही रेणू आपापल्या जातभाईंकडे ओढले जातात आणि ती सीमा आक्रसू पाहते. हाच आंतरपृष्ठीय ताण. तो चढा असेल तोवर तेल धागा सोडून थेंबाथेंबाने पाण्यात यायला तयार नसते. तापमान वाढले की द्रवाचा पृष्ठताण ठरावीक प्रमाणात उतरतो, हा नियम हंगेरीच्या ओटव्हशने 1886 मध्ये मांडला. पण ही उतरण किती? 20 अंशांना पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 73 मिलिन्यूटन असतो. 60 अंशांना तो 66 च्या आसपास येतो. हेक्झेन या तेलासारख्या द्रवाचा पाण्याशी असलेला ताण 20 अंशांना 51 च्या घरात असतो आणि पाणी तापवून त्यातलीही थोडीच एकके कमी होतात. योग्य साबण किंवा डिटर्जंट मात्र असा ताण थंड पाण्यातही एक आकडी करू शकतो. त्याच्या रेणूचे एक टोक तेलात आणि दुसरे पाण्यात रमते, म्हणून तो नेमका सीमेवर जाऊन बसतो. भट्टीतला सोडाही मळातल्या स्निग्धाम्लांशी संयोग पावून तिथल्या तिथे साबणच तयार करत असे.

मग गरम पाण्यात कपडे जास्त स्वच्छ का निघतात? कारण उष्णता इतर कामे करते. थंडीत थिजलेले तूप वितळते, तेल पातळ होते, रेणू लवकर सीमेवर पोहोचतात. हे फायदे खरेच आहेत, पण ताण उतरण्याचे श्रेय त्यांना देता येत नाही. दगडावरच्या आपटण्याचेही तसेच. त्याने सुटलेले तेल धाग्यातून बाहेर फेकले जाते, ताण बदलत नाही. द्रव फारसे दाबले जात नाहीत. म्हणून शेकडो वातावरणांच्या दाबानेही तेल-पाण्याच्या सीमेवर सहसा मामुलीच फरक पडतो. बॉम्बे हायसारख्या तेलक्षेत्राचा दाखला इथे कुणी देईल. तिथे दाबाला महत्त्व येते, पण त्याचे मोठे कारण वायू आहे. दाबाने वायू तेलात विरघळतो, तेलाची घडणच बदलते आणि तेल-वायूमधला ताण झपाट्याने घटतो. बादलीत तसा वायू नाही.

जोर साबणाच्या रेणूंचाच, हे बादलीचा इतिहासही सांगतो. सनलाइट साबण 1888 मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरला. 1934 मध्ये शिवडीत लीव्हर कंपनीचा साबण कारखाना सुरू झाला. विहार (1860) आणि तुळशी (1879) तलावांच्या सुफेन पाण्यात साबणाला फेस सहज येतो. दुष्फेन पाण्यात मात्र कॅल्शियमशी त्याचा साका होतो आणि सीमेवर बसायला रेणूच उरत नाहीत. ही अडचण पुष्कळशी दूर केली ती कृत्रिम डिटर्जंटने. 1958 मध्ये हिंदुस्थान लीव्हरने मुंबईच्या कारखान्यात संशोधन विभाग उघडला, 1959 मध्ये सर्फ बाजारात आले आणि पुढे अंधेरीच्या चकाल्यात कंपनीचे संशोधन केंद्र उभे राहिले. बादलीत पावडर घालायची, फेस करायचा आणि कपडे भिजवायचे, ही पद्धत घरोघरी रुजली.

आजारी माणसाच्या कपड्यांना गरम पाणी वापरणे बरे. तो जंतूंचा प्रश्न आहे. रोजच्या घामा-तेलाला मात्र पुरेशी पावडर आणि अर्धा तास भिजवण पुरते. पुरेशी म्हणजे किती, यालाही मर्यादा आहे. सीमा रेणूंनी भरली आणि जादा रेणू पाण्यात आपापसांत पुंजके करू लागले की आणखी पावडर टाकून ताण उतरत नाही. ती जादा मूठ मोरीतून वाहून जाते, आणि जिथे सांडपाणी नाल्यांना मिळते तिथून मिठी, पोयसर, दहिसर नद्यांत पोहोचते. थंड पाण्याने आपले इंधन वाचवले आहे. मूठ आवरली तर नद्यांवरचा भारही हलका होईल.