रायचूरच्या मुक्कामावरील कैदी

जबलपूरच्या परिसरात, नागपूरहून अलाहाबादेकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, रायचूर नावाचा एक मुक्काम होता. दक्षिणेतले प्रसिद्ध रायचूर ते हे नव्हे. १८१८ च्या मे महिन्यात एका रात्री ह्या मुक्कामावरून एक कैदी इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटला. अंगावर त्याने शिपायाचा पोशाख चढविला होता आणि पहाऱ्यावरचे काही शिपाई त्याला सामील होते. हा कैदी म्हणजे नागपूरचे राजे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले. ज्या मुलुखातून त्यांना नेले जात होते तो सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्याच राज्याचा भाग होता; आणि ज्यांनी त्यांना कैद केले होते त्यांची फौज नागपुरात आणली होती तीही त्यांनीच.

गढा-मंडल्याचा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे आला. त्या वेळी गादीवर होते दुसरे रघूजी. १८०३ मध्ये आडगाव व गाविलगड येथे पराभव झाल्यावर त्यांना देवगावचा तह करावा लागला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले आणि दरबारात इंग्रज रेसिडेंट आला. परंतु एक गोष्ट रघूजींनी मरेपर्यंत मान्य केली नाही. कंपनीची तैनाती फौज त्यांनी आपल्या राज्यात येऊ दिली नाही. निजामाने ती १७९८ मध्ये घेतली होती, बाजीरावाने वसईस १८०२ च्या अखेरच्या दिवशी घेतली होती. त्या दोन्ही दरबारांचे पुढे काय झाले ते रघूजी पाहत होते.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बल. कारभार कोणी पाहावा हा तंटा लगेच उभा राहिला. एका बाजूस रघूजींची राणी बांकाबाई व धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूस पुतण्या आप्पासाहेब. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स अशाच प्रसंगाची वाट पाहत होता. रघूजींसारख्या जाणत्या राजाकडून बारा वर्षांत जे मिळाले नाही ते ह्या तंट्यामुळे दोन महिन्यांत मिळाले. २७ मे १८१६ रोजी गुप्तपणे तह झाला. आप्पासाहेबांच्या कारभारीपदाला कंपनीचा पाठिंबा, आणि त्याच्या मोबदल्यात राज्यात कंपनीची फौज व तिच्या खर्चासाठी दरसाल साडेसात लाख रुपये! तोफेचा एकही बार न काढता सीताबर्डीचा साहेब नागपूरच्या गादीचा हमीदार होऊन बसला.

पुढचा प्रकार अधिक उद्बोधक आहे. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. शहरात कुजबूज झाली. पण रेसिडेंटने ती मनावर घेतली नाही आणि आप्पासाहेब राजे झाले. खुनाचा आरोप जेंकिन्सने उघडपणे पुढे आणला तो वर्षभराने, आप्पासाहेबांना पदच्युत करण्याचे ठरल्यावर. आरोप खरा असेल किंवा नसेल. परंतु राजा सोयीचा असताना ज्याची चौकशी झाली नाही तेच राजा गैरसोयीचा होताच गादी काढून घेण्याचे कारण झाले.

आपण काय विकले हे आप्पासाहेबांना फार लवकर उमगले. पेशव्यांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. खडकीची लढाई होऊन गेली होती, तरी २४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेली खिलत व सेनापतिपद समारंभाने स्वीकारले. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि संख्येने कितीतरी मोठे असूनही भोसल्यांचे सैन्य हरले. १९ डिसेंबरला जनरल हार्डीमनने जबलपूर घेतले. जानेवारीतील कराराने नर्मदेच्या उत्तरेकडील मुलूख गेला आणि राज्यकारभार रेसिडेंटच्या विश्वासातल्या मंत्र्यांनी त्याच्या सल्ल्याने करावा असे ठरले. मार्चमध्ये राजालाच अटक झाली.

त्यांच्या जागी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयी मुलगा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आला. राजवाड्याची व्यवस्था बांकाबाईंकडे आणि राज्याची जेंकिन्सकडे. प्रांतोप्रांती इंग्रज अधिकारी नेमले गेले. छत्तीसगडात अॅग्न्यू हा त्यांपैकीच एक. हुकूम राजाच्या नावाने निघत, जमाबंदीचे दफ्तर नव्याने बांधले जाई. ह्या कारभारात शिस्त होती हे नाकबूल करण्याचे कारण नाही. पण १८२६ च्या तहापर्यंत नागपूरच्या राजाला त्या कारभारात काडीचाही हात घालता येत नव्हता.

आपल्याच माणसाची सही मिळवून परक्याने राज्यात शिरण्याची ही रीत कंपनीबरोबर संपली नाही. इराणात १९५३ च्या ऑगस्टमध्ये मोसादेक ह्या पंतप्रधानाला दूर करताना अमेरिका व ब्रिटन यांनी तेथील शहाकडूनच बडतर्फीच्या फर्मानावर सही करवून घेतली. तेलाचा प्रश्न होता, साडेसात लाखांचा नव्हता. पण त्या कटात आपला हात होता हे दाखविणारे दफ्तर अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने खुले केले ते साठ वर्षांनी, २०१३ मध्ये.

रायचूरहून निसटलेले आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात शिरले. तेथे गोंडांनी, विशेषतः हर्रईच्या चैनशहाने, त्यांना आसरा दिला. पुढे अशीरगड, मग वेषांतर करून उत्तरेस पंजाब, आणि अखेरीस जोधपूर. इंग्रजांनी त्यांची मागणी केली तेव्हा महाराजा मानसिंगांनी शरण आलेल्याला हवाली करण्यास नकार दिला. १८४० मध्ये आप्पासाहेब तेथेच वारले. नागपुरात तेव्हा तिसरे रघूजी गादीवर होते. सीताबर्डीला रेसिडेंट होता. आणि जबलपूर सागर-नर्मदा प्रदेशाच्या कारभारात कधीच सामील झाले होते.