मुंबईला बोलावून आणलेली माणसं

मुंबईत कुणाशी ओळख झाली की तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला असतो: "मूळचे कुठले?" मी सांगतो, कोकणातले. समोरचा सांगतो, घाटावरचे, नाहीतर गुजरातचे. "इथलेच" असं छातीठोकपणे म्हणू शकतात ते कोळी. बाकी आपण सगळे कधी ना कधी आलेले. आजचा भाग अगदी सुरुवातीला आलेल्यांवर आहे. आणि त्यातल्या एका माणसावर, ज्याची गोष्ट वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला 10 पौंड भाड्याने. हो, दहाच. बेट हातात आलं, पण त्याचं करायचं काय? दलदल, ताप आणि खारं पाणी. व्यापार सगळा सुरतेला. म्हणून गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने ठरवलं की माणसं बोलवायची. नुसती माणसं नव्हे, घराणी. सावकार, दलाल, विणकर, सुतार. घराणं आलं की त्याच्या मागे नातेवाईक येतात, नोकर येतात, देऊळ येतं.

आणि लोक काही भोळेपणाने आले नाहीत बरं का! 1677 मध्ये दीवच्या नीमा पारख नावाच्या बनिया व्यापाऱ्याने आधी अटी घातल्या. घरासाठी आणि वखारीसाठी जागा पाहिजे. आमच्या आवारात कुणी जीवहत्या करायची नाही. आमच्या पद्धतीने प्रेतं जाळू द्यायची. आमच्यातल्या कुणालाही ख्रिस्ती व्हायला भाग पाडायचं नाही, जबरदस्तीने ओझी वाहायला लावायची नाहीत. पोर्तुगिजांचा अनुभव गाठीशी होता, त्यामुळे हे आधी ठरवून घेणं साहजिक होतं. मला यातली ओझ्याची अट फार बोलकी वाटते. एवढा मोठा व्यापारी, आणि त्याला हे सांगून घ्यावं लागतं.

प्रश्न असा, की कंपनीने शब्द मोडला तर दाद मागायची कुणाकडे? न्यायालय कंपनीचं, तुरुंगही कंपनीचाच.

इथे येतो रामा कामाठी, म्हणजे रामाजी कामत. शेणवी समाजातला, पैसेवाला, कंपनीचा मोठा विश्वासू. कंपनीच्या भंडारी शिपायांवर त्याचा अंमल चालायचा. वाळकेश्वरचं देऊळ पोर्तुगिजांच्या काळात उद्ध्वस्त झालं होतं, ते 1715 मध्ये यानेच पुन्हा बांधलं. म्हणजे समाजात मान, सरकारदरबारी वजन.

आता शत्रू कोण? कान्होजी आंग्रे. आपण शाळेपासून कान्होजींच्या बाजूने, त्यामुळे मराठी बोलणारा माणूस पलीकडच्या तटावर उभा दिसला की जरा खटकतं. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. घर, पैसा, देऊळ, जातभाई, सगळं या बेटावर. तो दुसऱ्या कुणाच्या बाजूने लढणार होता?

नोव्हेंबर 1718 मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनने खांदेरीवर हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. पुढच्याच महिन्यात, 25 डिसेंबरला, फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च उघडलं. त्या समारंभाला रामा कामाठी आपल्या जातभाईंना घेऊन हजर होता. पूर्ण प्रार्थना संपेपर्यंत सगळे थांबले, याचं तिथल्या पाद्र्यानेच कौतुक लिहून ठेवलंय. देवळं बांधणारा माणूस नाताळच्या दिवशी चर्चमध्ये ताटकळत उभा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपण तुमचेच आहोत हे आणखी कसं दाखवायचं?

1720 मध्ये त्याच्यावर खटला भरला. आरोप काय, तर कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केला, खांदेरीची खबर दिली. पुरावा म्हणून एक पत्र. साक्षीदाराच्या अंगठ्यांवर लोखंडी पेच आवळून कबुली काढली. शिक्षा जन्मठेपेची, आणि मालमत्ता जप्त. बूनला पराभवाचं खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं, असं माझं मत. रामा 1728 मध्ये तुरुंगातच गेला. पत्र बनावट होतं हे मागाहून उघड झालं.

मग त्यानंतर लोक यायचे थांबले? अजिबात नाही. रामा गेला त्यानंतर आठ वर्षांनी, 1736 मध्ये, कंपनीने सुरतेहून एका पारशी सुताराला बोलावलं. लवजी नसरवानजी वाडिया. सोबत त्याचे थोडेसे कारागीर. 1750 मध्ये मुंबईत सुकी गोदी बांधून झाली आणि वाडियांच्या पुढच्या पिढ्या तिथे जहाजं बांधत राहिल्या. लवजीच्या नातवाने, जमशेटजी बोमनजीने, 1817 मध्ये मलबारी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. हे कसब असं होतं की कंपनीला दुसरीकडे सहज मिळालं नसतं. रामाकडे होती ती माणसं, ओळखी आणि वजन. त्याचीच तर भीती वाटली असेल, नाही का?

मागच्या रविवारी बाणगंगेला गेलो होतो. वाळकेश्वराच्या देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या काकूंना सहज विचारलं, हे देऊळ कुणी बांधलं? त्या म्हणाल्या, "रामाने." मी खूश झालो. मग लक्षात आलं, त्या प्रभू रामचंद्राबद्दल बोलत होत्या.