दुसरी प्रत कुठे ठेवायची?

मंडळी, आजच्या लेखात थोडा पाऊस, थोडा इतिहास आणि थोडं बॅकअप आहे. तिघांचा एकमेकांशी संबंध आहे, जरा धीर धरा :)

डोंबिवलीत कुणी "सव्वीस जुलै" म्हटलं की साल सांगावं लागत नाही. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला साधारण ७३. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत अंतर किती, तर वीस-पंचवीस किलोमीटर! इकडे आमच्या बाजूला उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या सखल भागांत शिरली. राज्यात हजारावर माणसं गेली. त्यापुढे कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे. पण पाणी ओसरल्यावर धंदा पुन्हा उभा करायचा तर वहीखातं लागतं. कुणाकडून किती येणं आहे, कुणाचं देणं आहे, कामगारांचा पीएफ किती भरला... हे सगळं तोवर कागदावरून सर्व्हरवर यायला लागलं होतं. कल्याण-डोंबिवली महापालिका तर यात राज्याच्या पुढे होती. तिथली संगणक प्रणाली पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी नमुना म्हणून घेतली गेली.

त्या काळात वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या मध्यम कंपनीत बॅकअप म्हणजे बहुतेक वेळा टेप. टेप हे कॉम्प्युटरच्या जगातलं जुनं खोड. आयबीएमचा पहिला टेप ड्राइव्ह १९५२ चा, पहिली हार्डडिस्क १९५६ ची. डिस्कवर हवं ते चटकन सापडतं, टेपवर आधी गुंडाळी उलगडत बसावं लागतं. पण टेपचा एक मोठा गुण होता : ती ड्राइव्हमधून बाहेर काढून बॅगेत टाकता येते. २००० साली आलेल्या एलटीओच्या पहिल्या पिढीच्या एका टेपवर १०० जीबी मावायचे. म्हणजे अख्ख्या ऑफिसचा डेटा जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून डोंबिवली लोकलने ठाण्याला नेता येत होता.

टेपा फिरवण्याची पद्धत जगभर ठरलेली होती : आजोबा, बाप आणि मुलगा. सोमवार ते गुरुवारच्या चार टेपा म्हणजे मुलं, दर आठवड्याला पुन्हा वापरायच्या. शुक्रवारच्या टेपा म्हणजे बाप, त्या महिनाभर सांभाळायच्या. महिनाअखेरची टेप म्हणजे आजोबा, ती वर्षभर किंवा त्याहून जास्त ठेवायची. पद्धत झकास आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट सांगितलेली नाही, की ही तीन पिढ्यांची मंडळी राहतात कुठे? तिन्ही पिढ्या सर्व्हरच्याच खोलीतल्या गोदरेजच्या कपाटात एकत्र कुटुंब करून राहत असतील, तर पाणी शिरल्यावर घराणंच बुडणार.

आजोबांनी गावाला राहावं, हे यावरचं सोपं उत्तर. पण गाव किती लांब हवं? इथे सव्वीस जुलैचे आकडे कामाला येतात. त्या दिवशी मूळ प्रत सांताक्रूझला आणि दुसरी कुलाब्याला असती, तर एक वाचली असती. पण कल्याणची प्रत ठाण्यात, किंवा ठाण्याची कल्याणात? अंतर तेवढंच, साधारण वीस किलोमीटर, पण दोन्ही गावं उल्हासच्या खाडीला लागून, एकाच रेल्वे मार्गावर, एकाच पावसाच्या टप्प्यात. नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. संकट एकच आहे की वेगळं, ते बघावं लागतं. आणि हे काही शंभर वर्षांतून एकदा घडणारं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं.

पूर सोडा. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, २३ मे २०२४ ला दुसऱ्यात. दोन्ही वेळा माणसं गेली आणि आसपासच्या इमारतींची नासधूस झाली. तेव्हा "आमची टेप समोरच्या गाळ्यात असते" याला बाहेरची प्रत म्हणत नाहीत.

मधल्या काळात डिस्का स्वस्त झाल्या आणि एक नवा गैरसमज पसरला. एका डबड्यात दोन डिस्का घालायच्या, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं. याला रेड म्हणतात. एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, हे खरंच. पण चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी उडते!

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या शेजारीच मिळाला. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क झोपवलं. न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही अडकलं. मर्स्ककडे नेटवर्कचा कणा असलेल्या, म्हणजे कोण कर्मचारी आणि कुणाला काय अधिकार हे सांगणाऱ्या, सर्व्हरच्या दीडशेच्या आसपास प्रती होत्या. त्या सतत एकमेकींशी जुळवून घेत, म्हणून वेगळा बॅकअप कुणाला गरजेचा वाटला नव्हता. व्हायरसने त्या सगळ्या एका फटक्यात पुसल्या. वाचली फक्त एक, घाना देशातली. का? तर नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ती मशीन नेटवर्कवर नव्हती! त्या एका प्रतीवरून पुढचं सगळं पुन्हा उभारलं गेलं. २००० च्या दशकात कल्याण-डोंबिवलीत लोडशेडिंग सोसलेल्या मंडळींना वीज गेल्याचा असा फायदा पहिल्यांदाच ऐकायला मिळाला असेल :)

कपाटात पडलेली टेप नेमकी अशीच असते. तिला वायर नाही, म्हणून तिच्यापर्यंत व्हायरस पोचत नाही. २०२१ ला आलेल्या एलटीओच्या नवव्या पिढीच्या टेपवर १८ टीबी मावतात, म्हणजे म्हातारीचा अजून दम टिकून आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर चुकीमुळे काही लोकांच्या जीमेलमधली पत्रं सगळ्या डिस्कांवरून गायब झाली, तेव्हा गूगलनेही ती टेपवरूनच परत आणली होती.

आता राहिला शेवटचा प्रश्न. प्रत आहे, लांब आहे, पण ती बरोबर आहे का? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या हातोहात नकला होत गेल्या आणि प्रत्येक नकलेबरोबर चुका शिरत गेल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून बघून पाठ शुद्ध केला. ग्रंथाच्या प्रती तेव्हा भरपूर होत्या, पण वाचून तपासल्याशिवाय त्यातलं खरं कोणतं ते कळत नव्हतं. टेपचंही तसंच. "बॅकअप यशस्वी" असा हिरवा संदेश रोज येतो, पण परत वाचून बघेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

तर तुमच्याकडे एक-दोन सर्व्हर असतील, तर आराखडा बसवताना आधी मालकाला दोन प्रश्न विचारा : किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे, आणि किती वेळ धंदा बंद ठेवता येईल? यावरून बाकीचं ठरतं. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, कारण रोजची लहान चूक तिथून पटकन सुधारते. आठवड्याला टेपवर, किंवा काम झालं की काढून ठेवायच्या डिस्कवर. महिनाअखेरची प्रत खाडीच्या आणि नदीच्या टप्प्याबाहेर, जमलं तर घाटावर पुण्या-नाशकाकडे. ३१ मार्चची वेगळी जपा, कारण कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. ती कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा भारतातल्या सर्व्हरवर रोज बॅकअप घेणं २०२२ पासून बंधनकारक आहे. आणि टेपवरचा डेटा कुलूपबंद केला असेल तर त्याचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या कोकणपट्टीत मे महिन्यात आगोटीची तयारी असते. छप्पर शाकारायचं, सुकी मासळी भरायची, मसाले कुटायचे. त्याच यादीत एक ओळ वाढवा : आजोबांची टेप आणून कोऱ्या मशीनवर उतरवायची, अकाउंटच्या माणसाला शेजारी बसवायचं आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद जुळतो का ते त्यालाच बघायला सांगायचं. एक शनिवार जातो. जुळला, तर पावसाळा आला तरी हरकत नाही.